दहा सेंटांचें पुस्तक आणि लिलांवाची बोली

नवरात्र बसण्यापूर्वीं माळा झाडून काढण्याची चाल आमच्या घरीं तीन पिढ्या चालत आलेली आहे. त्या दिवशीं माळ्यावरून काय खालीं उतरावें, काय पुन्हां वर जावें आणि काय रद्दीवाल्याच्या तराजूंत पडावें, याचा निर्णय घरांतील वडील बायका करितात, आणि त्या निर्णयावर अपील चालत नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं अशाच एका सफाईंत आमच्या वहिनींनीं पत्र्याची एक ट्रंक रिकामी केली. आमच्या पुतण्यानें शाळकरी वयांत जमविलेले ‘इंद्रजाल’चे दीड-दोनशें अंक तींत होते. वेताळाचे, मॅन्ड्रेक जादुगाराचे, असे ते रंगीत अंक किलोच्या भावानें गेले आणि ट्रंकेंत पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे पडले. मुलगा संध्याकाळीं घरीं आला, त्यानें ट्रंक उघडून पाहिली, आणि तो कांहींच बोलला नाहीं. इंजिनिअरिंगला जाऊं घातलेल्या मुलानें चित्रांच्या पुस्तकांसाठीं तोंड पाडावें, हें आम्हां कोणासच पटण्यासारखें नव्हतें. म्हणून आम्हीं कोणीं त्याच्या तोंडाकडे पाहिलेंहि नाहीं.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेलीं पंचवीस वर्षें तो अमेरिकेंत राहतो. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने त्याच्याकडे राहून आलों. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो संगणकापुढें बसला होता. “काका, झोपला नसाल तर या जरा,” अशी त्यानें हांक मारली. पडद्यावर एका जुन्या चित्रपुस्तकाचें मुखपृष्ठ दिसत होतें. त्याच्या कडा झिजलेल्या होत्या व एक कोपरा दुमडलेला होता. चित्राखालीं एक आंकडा होता, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निघालेला तो ‘सुपरमॅन’चा एक अंक. त्याची मूळ किंमत दहा सेंट. पडद्यावरचा आंकडा चारशें डॉलरांच्या पुढें गेलेला. घराघरांत बसलेले अनोळखी लोक त्या अंकावर बोली करीत होते, आणि त्यांत आमचा पुतण्याहि एक होता.

त्या रात्रीं जें पाहिलें आणि पुढें वाचून व विचारून जें समजलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे. विषय पोरकट वाटेल; परंतु त्यांत पैसा आहे, मोह आहे, आणि प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उद्भवणारा एक प्रश्नहि आहे.

या व्यवहाराचें मूळ सन १९३८ मध्यें सांपडतें. त्या वर्षींच्या वसंत ऋतूंत न्यूयॉर्क येथील एका प्रकाशनसंस्थेनें ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक विक्रीस ठेविला. त्यावर महिना जूनचा छापलेला होता. निळा पोशाख आणि तांबडी शाल घेतलेला एक पुरुष हिरवी मोटार डोक्यावर उचलून धरीत आहे, असें त्याचें मुखपृष्ठ होतें. हाच सुपरमॅनचा पहिला अवतार. किंमत दहा सेंट, आणि छापलेल्या प्रती सुमारें दोन लक्ष. त्यांपैकीं आज माहीत असलेल्या प्रती अवघ्या शंभराच्या आसपास आहेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. या शंभरांतील एखादी प्रत विक्रीस निघाली, कीं अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत ती बातमी होते.

हा वीरपुरुष ज्यांनीं निर्माण केला, त्यांची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँड शहरांतील दोन शाळासोबती. एक लिही, दुसरा चित्रें काढी. आपली कल्पना घेऊन त्यांनीं कित्येक वर्षें उंबरठे झिजविले. अखेर १९३८ मध्यें प्रकाशकानें ती घेतली आणि तिचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकत घेतले. त्या वर्षींच्या १ मार्चचा तो चेक होता. त्यांत त्यांच्या इतर कामाचा मोबदला धरून एकूण रक्कम ४१२ डॉलर होती. पुढें सुपरमॅनवर प्रकाशकांनीं अमाप पैसा मिळविला. हक्क परत मिळावे म्हणून दोघांनीं कोर्टाच्या पायऱ्या चढून पाहिल्या, पण यश आलें नाहीं. उतारवयांत शूस्टर यांची दृष्टि अधू झाली, आणि सीगल यांना कारकुनी करून दिवस काढावे लागले. १९७५ मध्यें लोकांत बोभाटा झाला, तेव्हां कंपनीनें प्रत्येकास सालीना २०,००० डॉलरांचें वेतन बांधून दिलें आणि निर्माते म्हणून त्यांचीं नांवें पुन्हां छापण्याचें मान्य केलें. शूस्टर १९९२ मध्यें आणि सीगल १९९६ मध्यें वारले. आतां यापुढची गोष्ट पहा. ज्या चेकानें हक्क घेतले, तो कागदाचा तुकडाच एप्रिल २०१२ मध्यें लिलांवांत निघाला आणि १,६०,००० डॉलरांस गेला! सुपरमॅनपोटीं निर्मात्यांच्या हातीं जें पडलें, त्याच्या बाराशें पटींहून अधिक किंमत त्या पैशाच्या चिठ्ठीला आली. लिलांवांतील किंमत ही वस्तु कोणीं घडविली हें विचारीत नसते. ती आज कोणाला किती हवी आहे, एवढेंच विचारते. बोली करणाऱ्यानें ही गोष्ट प्रथम मनांत ठसवून घ्यावी.

दोन लक्ष प्रतींतून शंभर उरल्या, मग बाकीच्या गेल्या कोठें? याचें उत्तर आपल्या घरांतील अनुभवावरूनच देतां येईल. मुलांनीं तीं पुस्तकें वाचलीं, गुंडाळून खिशांत कोंबलीं, मित्रांना वाचावयास दिलीं, आणि मुलें मोठीं झाल्यावर त्यांच्या आयांनीं तीं फेंकून दिलीं. त्यांतच दुसरें महायुद्ध आलें. कागदाची टंचाई पडली आणि जुना कागद देशकार्यासाठीं गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. गाडे भरभरून मासिकें लगद्यासाठीं गेलीं. युद्धानंतर तर या पुस्तकांनीं मुलें बिघडतात असा मोठा गिल्ला झाला. १९४८ मध्यें कांहीं गांवीं शाळांच्या पुढाकारानें त्यांच्या होळ्या पेटविण्यांत आल्या. १९५४ मध्यें फ्रेडरिक वर्थम या मनोवैद्यानें त्यांच्याविरुद्ध एक पुस्तकच लिहिलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढें या प्रश्नाची सुनावणी झाली. शिवाय कागद स्वतःच आपला वैरी होता. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदांत आम्लता असते. तिच्यामुळें तो आपोआप पिंवळा पडतो आणि शेवटीं हात लावतांच तुटतो. इतक्या संकटांतून जी प्रत वांचली, तिचें मोल त्या न वांचलेल्या प्रतींनीं वाढविलें आहे. आमच्या वहिनींसारख्या नेटक्या बायका अमेरिकेंत घरोघर नसत्या, तर हा लिलांवाचा बाजार उभाच राहिला नसता!

ही थट्टा नव्हे. याचा उलट पुरावाहि उपलब्ध आहे. १९९० च्या सुमारास जुन्या पुस्तकांचे भाव वर्तमानपत्रांतून झळकूं लागले, तेव्हां हजारों लोकांच्या मनांत आलें कीं, आज नवें घेऊन ठेवावें आणि वीस वर्षांनीं विकावें. नोव्हेंबर १९९२ मध्यें सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. काळ्या पिशवींत बंद केलेला, आंत सुतकाची काळी फीत घातलेली. लोकांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या. एकेकानें पांच-पांच, दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवी न उघडतां कपाटांत ठेविल्या. अशा रीतीनें लाखों प्रती खपल्या, आणि लाखों प्रती जशाच्या तशा सुरक्षित राहिल्या. परिणाम काय झाला? सर्वांकडेच ती वस्तु आहे, मग विकत घेणार कोण? तो अंक पुढें स्वस्तांतल्या ढिगांत पडलेला आढळूं लागला. कांहीं वर्षांतच तो सारा बाजार कोसळला, शेंकडों दुकानें बंद पडलीं, आणि ‘मार्व्हल’सारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेवरहि डिसेंबर १९९६ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. ज्या वस्तूच्या जन्माबरोबरच तिच्या संग्रहाची जाहिरात होते, ती दुर्मिळ होत नाहीं.

खरोखर दुर्मिळ प्रतींचे भाव मात्र चढतच गेले. फेब्रुवारी २०१० मध्यें ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत दहा लक्ष डॉलरांस विकली गेली, चित्रपुस्तकाला एवढी किंमत येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच आठवड्यांत, ज्या अंकांत बॅटमन प्रथम अवतरला त्या १९३९ च्या अंकाला १०,७५,५०० डॉलर आले. ऑगस्ट २०१४ मध्यें ‘ॲक्शन’ची एक उत्कृष्ट प्रत बत्तीस लक्षांवर गेली, एप्रिल २०२४ मध्यें दुसऱ्या एका प्रतीस साठ लक्ष पडले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें ‘सुपरमॅन’ मासिकाचा १९३९ चा पहिला अंक ९१ लक्ष २० हजार डॉलरांस विकला गेला. म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ऐंशी कोटि रुपये. तोंपर्यंत लिलांवांत कोणत्याहि चित्रपुस्तकास इतकी किंमत आलेली नव्हती.

एकाच अंकाच्या दोन प्रतींत एवढा फरक कां पडतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे. पूर्वीं विकणारा म्हणे ‘प्रत उत्तम’, घेणारा म्हणे ‘बरी’, आणि वाद मिटत नसे. सन २००० पासून सी. जी. सी. या नांवाची एक कंपनी फी घेऊन प्रतींची तपासणी करूं लागली. कडा, कोपरे, टांचण्यांचा गंज, पानांचा पांढरेपणा, सुरकुत्या, डाग, हें सर्व पाहून प्रतीला अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देण्यांत येतात, आणि नंतर ती कडक पारदर्शक पेटींत कायमची बंद करण्यांत येते. पेटी फोडली कीं गुण रद्द. कोणीं फाटलेलें पान चिकटविलें असेल अगर उडालेला रंग भरला असेल, तर तसें चिठ्ठीवर स्पष्ट नमूद होतें, आणि किंमत एकदम खालीं येते. वर सांगितलेली बत्तीस लक्षांची प्रत नऊ गुणांची होती. त्याच अंकाची दीड गुणाची एक प्रत आदल्या वर्षीं, म्हणजे २०१३ मध्यें, १,७५,००० डॉलरांस गेली होती. पुस्तक तेंच, गोष्ट तीच, चित्रें तींच. फरक तो जपणुकीचा. मात्र वाचावयासाठीं जन्मलेलें पुस्तक पुन्हां कोणीं वाचूंच नये अशी ही व्यवस्था पाहून आम्हांस थोडें वाईट वाटलें, हें लपवीत नाहीं.

आतां प्रत्यक्ष बोलीकडे वळूं. सभागृहांत हातोडा घेऊन उभा राहिलेला पुकारणारा आजहि असतो. परंतु बहुतेक बोली घरबसल्या संगणकावर होतात. प्रत्येक वस्तूची छायाचित्रें, गुण आणि पूर्वींच्या विक्रीचे भाव आधीं प्रसिद्ध होतात. कांहीं वस्तूंना राखीव किंमत असते. तेथपर्यंत बोली न पोहोंचल्यास माल विकला जात नाहीं. बोली करणारानें आपली कमाल रक्कम गुप्तपणें नोंदवून ठेवावी, अशीहि सोय असते. समजा, आपण पांचशें नोंदविले आणि दुसऱ्या कोणाचीहि बोली तीनशेंपुढें गेली नाहीं, तर आपणांस पांचशें द्यावे लागत नाहींत. तीनशेंच्या वरची एक पायरी पडते. म्हणून आपली खरी मर्यादा शांतपणें ठरवून एकदांच नोंदविणें आणि उठून जाणें, हाच शहाणपणाचा मार्ग होय. पंचवीस-पंचवीस करीत चढत गेलेला मनुष्य बहुधा पुस्तकासाठीं चढत नाहीं, तर दुसऱ्याला हरविण्यासाठीं चढतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. हातोडा जेथें पडतो ती अंतिम किंमत नव्हे. लिलांव करणारी कंपनी खरेदीदाराकडून वर आपलें कमिशन घेते. तें बहुधा शेंकडा वीसच्या आसपास असतें. त्यावर सरकारी कर, विमा, टपाल, आणि माल परदेशीं आणावयाचा असल्यास जकात. म्हणजे ज्याच्या खिशांत सहाशें आहेत, त्यानें पांचशेंच्या पुढें बोली करणें म्हणजे कर्जाची बोली करणें होय. विकतांना तोच प्रकार उलट दिशेनें होतो. विकणाऱ्याकडूनहि पुष्कळदां हिस्सा कापून घेतात. आज घेतलेली वस्तु उद्यां त्याच भावानें विकली तरी तींत चांगलाच तोटा येतो, हें नफ्याच्या आशेनें घेणाऱ्यांच्या ध्यानांत क्वचितच असतें.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. लिलांवांत जिंकतो कोण? ज्यानें त्या वस्तूचें मोल इतर सर्वांपेक्षां अधिक मानलें तो. पंचवीस जाणकारांपैकीं चोवीस जणांना जी किंमत जास्त वाटली, ती एकट्यालाच योग्य वाटली. मग चूक चोविसांची असेल कीं एकाची? प्रत्येक वेळीं एकाचीच असते असें नाहीं. परंतु जिंकल्याच्या आनंदांत हा प्रश्न कोणी स्वतःस विचारीत नाहीं. तो बोलीपूर्वींच विचारावा, आणि आपल्या अंदाजांतून त्यापोटीं कांहीं वजा करावें.

आतां त्या रात्रीची हकीकत पुरी करितों. आम्हीं पुतण्यास विचारलें, “तुझी मर्यादा किती?”

“पुस्तकाला पांचशें, काका. वरचें धरून सहाशें. हिला सांगून ठेवलें आहे.”

त्याचे पांचशें लागले. लगेच पडद्यावर पांचशें पंचवीस उमटले. त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं; साडेपांचशें केले. समोरून पावणेसहाशें. त्यानें सहाशें केले. आंतून सूनबाईंनीं विचारलें, “किती झाले?” तो म्हणाला, “थांब, होत आलें.” नवऱ्याच्या आवाजावरून बायकांना जें कळावयाचें तें कळतें; त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत, पण ओल्या हातांनींच येऊन दाराशीं उभ्या राहिल्या. पडद्यावर साडेसहाशें आले. त्याचें बोट कळीवर होतें. त्या घटकेला तो पन्नाशीचा गृहस्थ आम्हांस मुळींच दिसेना. ट्रंकेचें झांकण धरून उभा असलेला तो अठरा वर्षांचा मुलगा दिसूं लागला. आम्हीं विचारलें, “हा अंक तूं लहानपणीं वाचला होतास काय?”

“नाहीं, काका. आपल्याकडे तेव्हां हा कुठला मिळायला!”

“मग हाच कां?”

त्यानें उत्तर दिलें नाहीं, परंतु बोट बाजूस घेतलें. वेळ संपली, अंक दुसऱ्या कोणाचा झाला. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, “ते अंक गेले त्या दिवशीं आईला मीं कांहीं म्हटलें नाहीं. म्हणायला हवें होतें. म्हटलें असतें, तर इतकीं वर्षें डोक्यांत राहिलें नसतें.”

वाचकहो, लिलांवांत पुस्तकें मिळतात. गेलेलें बाळपण तेथें मिळत नाहीं. जो केवळ पुस्तकासाठीं बोली करितो, त्याला मर्यादा पाळतां येते; कारण एक पुस्तक गेलें तर दुसरें येतें. जो नफ्यासाठीं बोली करितो, त्यानें तो व्यापार समजावा आणि तोट्याचीहि तयारी ठेवावी. परंतु मनांतील जुनी रुखरुख घेऊन जो बोलीस बसतो, त्याला कोणतीच रक्कम मोठी वाटत नाहीं. आणि रक्कम मोजूनहि रुखरुख तशीच राहते. आपण या तिघांपैकीं कोण, हें बोलीपूर्वीं ओळखावें, आणि ठरविलेली मर्यादा घरांतील एका तरी माणसास सांगून ठेवावी. सूनबाई त्या रात्रीं दाराशीं येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, तेवढ्यानेंहि पुष्कळ काम झालें.

हा प्रश्न केवळ घेणाऱ्याचा नाहीं. ज्याच्या घरांत असा ठेवा निघतो त्याचाहि आहे. वर सांगितलेला ९१ लक्षांचा अंक कॅलिफोर्नियांतील एका घराच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखालीं सांपडला. आई वारल्यावर तीन भाऊ घर आवरीत होते, तेव्हां त्यांना तो मिळाला. आपल्याजवळ जुनीं मोलाचीं पुस्तकें आहेत असें ती माउली मुलांना म्हणत असे, पण मुलांनीं तीं कधीं पाहिलेलीं नव्हतीं. भावांनीं एकमतानें जाणकारांस बोलाविलें आणि अंक विकला. याच्या उलट प्रकार २०१३ मध्यें मिनेसोटा संस्थानांत घडला. एका मनुष्यानें दुरुस्तीसाठीं १०,१०० डॉलरांस एक मोडकें घर घेतलें. भिंत फोडतांना तींत भरलेल्या कागदांत त्याला ‘ॲक्शन’चा पहिला अंक सांपडला. बातमी ऐकून सासरचीं माणसें जमलीं. बायकोच्या नात्यांतील एका वडील बाईंनीं भरांत तो अंक ओढला, त्यानें उलट ओढला, आणि मागचें पान टर्रकन् फाटलें. त्या एका फाटण्यानें ७५,००० डॉलरांचें नुकसान झालें, असें तपासणारांनीं त्यास सांगितलें. वर उल्लेखिलेली दीड गुणाची प्रत ती हीच. वांटणीच्या वेळीं दोन्हीकडून ओढल्यानें काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आपल्याकडेहि जुन्या चित्रकथांचे शोकी आतां निर्माण झाले आहेत. ‘इंद्रजाल’ मार्च १९६४ मध्यें सुरू होऊन १९९० मध्यें बंद पडलें. अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्यें निघाली. यांचे पहिलेपहिले अंक, आणि जुने ‘चांदोबा’, लोक शोधीत असतात. म्हणून घरोघरच्या माळ्यावर कोटींचा ठेवा आहे, अशी आशा मात्र कोणी करूं नये. अमेरिकेंतील भाव अमेरिकेंतील धनिकांच्या हौसेवर चालतात. तथापि जें ठेवावयाचें तें नीट ठेवावें. आपल्या पावसाळी हवेंत ओल, वाळवी आणि कसर हे कागदाचे तीन शत्रु. अंक बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवूं नयेत. उन्हांत वाळवूं नयेत. वर्तमानपत्रांत गुंडाळूं नयेत. फाटल्यास चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. आम्लरहित पुठ्ठा पाठीशीं देऊन स्वच्छ पारदर्शक पाकिटांत, थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ते उभे ठेवावे. कोलोरॅडोंतील एडगर चर्च नांवाच्या चित्रकारानें आपल्या कामाला उपयोगी पडावे म्हणून हजारों अंक घेतले आणि कोरड्या हवेंत एकावर एक दाबून ठेविले. १९७७ मध्यें त्याच्या कुटुंबीयांनीं ते विकले, तेव्हां चाळीस वर्षांपूर्वींचा कागद नव्यासारखा पांढरा होता. त्यानें बाजाराकडे पाहून कांहींच ठेविलें नव्हतें.

परत आल्यावर त्या रात्रीची सर्व हकीकत आम्हीं वहिनींना सांगितली. सांगावी कीं नाहीं याचा विचार चार दिवस केला. परंतु पस्तीस वर्षें न बोलण्याचा परिणाम पाहून आलों होतों. वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि त्या म्हणाल्या, “भावजी, ट्रंक हवी होती म्हणून मीं ती रिकामी केली. त्याला विचारायला दोन मिनिटें लागलीं असतीं.” त्याच रविवारीं त्यांनीं त्याला स्वतः फोन लाविला. मायलेकरांत काय बोलणें झालें, तें आम्हीं विचारलें नाहीं.

यंदाच्या नवरात्रापूर्वीं माळा नेहमींप्रमाणें झाडला गेला. फरक एवढाच कीं, सफाईच्या आदल्या रात्रीं वहिनींनीं घरांतील सर्व नातवंडांना बोलावून सांगितलें, “ज्याचें त्यानें येऊन बघावें, मग मला बोल लावायचा नाहीं.” धाकट्या नातीनें बिस्किटांच्या डब्यांतील बसच्या तिकिटांवर हक्क सांगितला, आणि तो डबा पुन्हां वर गेला. त्या तिकिटांना पुढेंमागें लिलांवांत कांहीं किंमत येईल असें आम्हांस वाटत नाहीं. वहिनींनाहि वाटत नाहीं.